हरवलेल्या पाठाची प्रतीक्षा : 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' या चित्रपटाची मूळ संहिता आणि तिचे चाहते

१. प्रास्ताविक

पाठचिकित्सेचा विषय शिकविताना एक प्रश्न विद्यार्थ्यांकडून हटकून विचारला जातो. ग्रंथकर्त्याच्या हातची प्रत उपलब्ध नसेल, तर 'मूळ संहिता' या शब्दप्रयोगाला अर्थ तो काय उरतो? महाराष्ट्राबाहेर, भिन्नभाषी विद्यार्थ्यांसमोर हा विषय मांडताना केवळ मराठी हस्तलिखितांचे दाखले पुरेसे पडत नाहीत. सर्वांच्या परिचयाचे एखादे कलामाध्यम हाताशी असावे लागते. अशा वेळी चित्रपटाचा इतिहास फार उपयोगी पडतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. चित्रपट हे विसाव्या शतकातील माध्यम असूनही त्यातील पाठभ्रंश, प्रक्षेप, संक्षेप आणि प्रतिपरंपरा यांच्या समस्या आपल्या पोथ्यांच्या समस्यांशी आश्चर्यकारक साम्य दाखवितात.

प्रस्तुत लेखात ऑर्सन वेल्स या अमेरिकी दिग्दर्शकाच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' (१९४२) या चित्रपटाचा विचार या अंगाने करावयाचा आहे. सुमारे १३१ मिनिटांचा हा चित्रपट निर्मितीसंस्थेने ८८ मिनिटांचा करून प्रदर्शित केला आणि वगळलेला भाग नष्ट केला. तेव्हापासून आजतागायत त्याचे चाहते आणि अभ्यासक त्या दीर्घ पाठाची वाट पाहत आहेत. या प्रतीक्षेला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. ही प्रतीक्षा निव्वळ भाबडेपणाची आहे, की तिच्यामागे ज्ञानाची एखादी रीतसर भूमिका आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

२. कादंबरी, दिग्दर्शक आणि करार

बूथ टार्किंग्टन यांची याच नावाची कादंबरी १९१८ साली प्रसिद्ध झाली व १९१९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका शहरात अँबरसन हे श्रीमंत घराणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैभवाच्या शिखरावर आहे. मोटारगाडी येते, कारखाने येतात, शहर पसरते आणि काळे होत जाते. त्याबरोबर हे घराणेही लयाला जाते. इझाबेल अँबरसन आणि मोटारींचा कारखानदार यूजीन मॉर्गन यांचे तरुणपणी न जुळलेले आणि उतारवयात पुन्हा जुळू पाहणारे प्रेम, तसेच इझाबेलचा गर्विष्ठ मुलगा जॉर्ज याने त्यात घातलेला खो, हे कथेचे मध्यवर्ती सूत्र आहे. आपल्याकडील वाड्यांच्या ऱ्हासाच्या कथा वाचलेल्या वाचकाला हे जग परके वाटणार नाही.

वेल्स यांनी १९३९ साली या कादंबरीचे नभोवाणीसाठी रूपांतर केले होते. पुढे 'सिटिझन केन' (१९४१) या पहिल्याच चित्रपटाने त्यांचे नाव झाले, परंतु त्या चित्रपटाला व्यवसायात अपेक्षित यश लाभले नाही. 'सिटिझन केन'च्या वेळी आर.के.ओ. या निर्मितीसंस्थेने त्यांना अंतिम संकलनाचा अधिकार दिला होता. हा अधिकार त्या काळातील हॉलिवूडमध्ये अपवादात्मक होता. 'अँबरसन्स'च्या वेळी नव्याने झालेल्या करारात तो त्यांच्या हातून गेला. या घटनेकडे इतिहासकाराने विशेष लक्ष द्यावयास हवे. पुढे जे घडले ते कायद्याच्या दृष्टीने निर्मितीसंस्थेच्या अधिकारातच घडले. ज्याला आपण 'लेखकाची संहिता' म्हणतो तिच्यावर लेखकाचा हक्क उरलेला नव्हता.

चित्रीकरण २८ ऑक्टोबर १९४१ रोजी सुरू होऊन जानेवारी १९४२ च्या उत्तरार्धात संपले. दरम्यान ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. दक्षिण अमेरिकेशी स्नेहसंबंध वाढविण्याच्या सरकारी धोरणाचा भाग म्हणून वेल्स यांनी ब्राझीलमध्ये जाऊन 'इट्स ऑल ट्रू' हा चित्रपट करावा, असे ठरले. रिओ द जानेरो येथील कार्निव्हल फेब्रुवारीत असल्यामुळे थांबण्यास सवड नव्हती. जाण्यापूर्वी मायामी येथे संकलक रॉबर्ट वाइज यांच्यासह वेल्स यांनी तीन दिवस बसून कच्च्या संकलनाचा विचार केला आणि ते रिओला रवाना झाले. वाइज यांनी प्रिंट घेऊन मागाहून यावयाचे व उभयतांनी तेथे संकलन पुरे करावयाचे, अशी योजना होती. युद्धकाळातील प्रवासनिर्बंधांमुळे वाइज यांना जाता आले नाही. फक्त प्रिंट रिओला पोहोचली. त्यानंतरचा सारा व्यवहार तारा, पत्रे आणि दूरध्वनी यांवर चालला.

३. एकशे एकतीस मिनिटांकडून अठ्ठ्याऐंशी मिनिटांकडे

१२ मार्च १९४२ या तारखेचा एक दस्तऐवज आज उपलब्ध आहे. चित्रपटातील प्रत्येक दृश्य, प्रत्येक संवाद आणि त्यांचा क्रम टिपून ठेवणारी ती संकलनसूची होय. तिच्यावरून त्या दिवशी चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा होता, हे निश्चितपणे सांगता येते. मूळ पाठाविषयी जे काही खात्रीने बोलता येते, ते प्रामुख्याने या सूचीच्या आधारे.

१७ मार्च रोजी कॅलिफोर्नियातील पोमोना या गावी चित्रपटाचा चाचणी खेळ झाला. त्याआधी त्याच पडद्यावर 'द फ्लीट्स इन' हा हलकाफुलका संगीतपट दाखविण्यात आला होता. युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेले, प्रेक्षक करमणुकीच्या मनःस्थितीत आणि समोर एका घराण्याच्या विनाशाची संथ, उदास कथा. प्रेक्षक नको तेथे हसले, काही उठून गेले आणि बहुसंख्य अभिप्रायपत्रे प्रतिकूल आली. दोन दिवसांनी पॅसाडिना येथे झालेल्या दुसऱ्या खेळाला प्रतिसाद बरा होता. तथापि संस्थेचे अध्यक्ष जॉर्ज शेफर पुरते हादरले होते. वेल्स यांच्यावर त्यांनी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावलेली होती.

यानंतर वेल्स यांच्या अनुपस्थितीत चित्रपट कापण्यात आला आणि काही दृश्ये इतरांकडून नव्याने चित्रित करून घेण्यात आली. मूळ शेवटाऐवजी नवा शेवट जोडला गेला. रिओहून वेल्स यांनी लांबलचक तारांमधून सूचना पाठविल्या, पण त्यांतील बहुतेक बाजूस पडल्या. १० जुलै १९४२ रोजी ८८ मिनिटांचा चित्रपट प्रदर्शित झाला. काही चित्रपटगृहांत तो 'मेक्सिकन स्पिटफायर सीज अ घोस्ट' या किरकोळ विनोदी चित्रपटाच्या जोडीने दाखविला गेला. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांच्या संगीताचा मोठा भाग गाळून त्या जागी दुसऱ्याचे संगीत घालण्यात आल्यामुळे त्यांनी आपले नाव श्रेयनामावलीतून काढून घेतले. दहा लाख डॉलरहून अधिक खर्चाच्या या चित्रपटात संस्थेला मोठा तोटा झाला. शेफर यांना पद सोडावे लागले आणि वेल्स यांच्या मंडळींना स्टुडिओतून बाहेर काढण्यात आले. वगळलेल्या भागाच्या निगेटिव्ह पुढे नष्ट करण्यात आल्या.

ही कृती आज रानटी वाटते. परंतु त्या काळी कापलेली फिल्म जपून ठेवण्याची रीतच नव्हती. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, तिच्या साठवणुकीला खर्च येतो, जागा लागते आणि तिच्यातील चांदी वितळवून परत मिळविता येते. चित्रपट हा वारसा आहे ही जाणीव तेव्हा फार थोड्यांना होती. आपल्याकडेही स्थिती निराळी नव्हती. भारतीय मूकपटांपैकी अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'सारख्या (१९१३) चित्रपटाचीही सर्व रिळे हाती राहिली नव्हती. जी आहेत ती १९१३ च्या चित्रपटाची, की फाळक्यांनीच १९१७ साली केलेल्या दुसऱ्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या आद्यग्रंथाचाच पाठप्रश्न अद्याप सुटलेला नाही.

४. काय हरवले?

८८ मिनिटांच्या पाठातही या चित्रपटाची थोरवी लपत नाही. ऑस्करसाठी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार नामांकने मिळाली. ब्रिटिश नियतकालिक 'साइट अँड साउंड'ने १९७२ व १९८२ साली समीक्षकांची मते घेऊन केलेल्या श्रेष्ठ दहा चित्रपटांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. अ‍ॅग्नेस मूरहेड यांनी उभी केलेली अविवाहित आत्या फॅनी ही जागतिक चित्रपटातील अविस्मरणीय व्यक्तिरेखांपैकी एक मानली जाते. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट विद्यार्थिदशेत एका फिल्म सोसायटीच्या खेळात प्रथम पाहिला, तेव्हा त्याच्या कापाकापीचा इतिहास ठाऊक नव्हता. तरीही शेवटाच्या सुमारास काहीतरी घाईने आवरते घेतल्याची जाणीव झाली होती. पहिला अर्धा भाग संथपणे श्वास घेतो, तर दुसऱ्या भागात माणसे एकामागून एक भराभर मरतात आणि शेवटी सारे गोड होते.

संकलनसूची पाहिली म्हणजे या जाणिवेचे कारण उमगते. वगळलेल्या भागात प्रामुख्याने तीन प्रकारचा मजकूर होता. पहिला, शहराच्या पालटाविषयीचा. वाढते शहर, त्याची काजळी आणि त्यात गुदमरणारे जुने घर यांना मूळ पाठात बरीच जागा होती. दुसरा, कुटुंबाच्या आर्थिक अधःपाताचा. ओसरीवरच्या संध्याकाळच्या बोलण्यात, गुंतवणुकीच्या वायफळ बेतांत घराण्याची उतरंड कशी कोसळत जाते, हे मूळ पाठ सावकाश दाखवीत होता. तिसरा, अखेरचे दृश्य. मूळ शेवटात यूजीन एका सामान्य खाणावळवजा वसतिगृहात राहणाऱ्या फॅनीला भेटावयास येतो. तिच्या मनात आयुष्यभर त्याच्याविषयी प्रेम होते, पण आता तेही विझले आहे. कोठेतरी ग्रामोफोनवर विनोदी तबकडी वाजते आहे. दोघांना बोलण्यासारखे काही उरलेले नाही. यूजीन निघतो आणि त्याची मोटार पालटलेल्या शहरात दिसेनाशी होते. प्रदर्शित पाठात याऐवजी रुग्णालयाच्या मार्गिकेत उभे राहून यूजीन जॉर्जशी झालेल्या समेटाची हकिकत फॅनीला सांगतो आणि दोघे प्रसन्न मुद्रेने चालू लागतात.

येथे एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. टार्किंग्टन यांच्या कादंबरीचा शेवटही समेटाचाच आहे. मूळ साहित्यकृतीशी इमान हा निकष लावला तर स्टुडिओने जोडलेला शेवट कादंबरीच्या अधिक जवळचा ठरतो आणि वेल्स यांचा शेवट ही त्यांची स्वतंत्र निर्मिती ठरते. म्हणून 'मूळ' हा शब्द वापरताना कोणाचे मूळ, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. कादंबरीकाराचे मूळ निराळे आणि दिग्दर्शकाचे निराळे. चाहत्यांची ओढ आहे ती दिग्दर्शकाच्या मुळाची.

५. मूळ पाठ नेमका कोणता?

ओढ दिग्दर्शकाच्या पाठाची आहे असे मान्य केले, तरी प्रश्न संपत नाही. चाहत्यांच्या बोलण्यात १३१ मिनिटांचा पाठ हा जणू पूर्ण झालेला, अखेरचा हात फिरवलेला पाठ असतो. पुरावा मात्र तसे सांगत नाही. पोमोनाच्या खेळापूर्वीच वेल्स यांनी रिओहून तार करून मध्यभागातील एक मोठा सलग तुकडा काढून टाकावयास आणि तो सांधण्यासाठी एक नवे दृश्य चित्रित करावयास सांगितले होते. पोमोना येथे दाखविला गेलेला सुमारे ११० मिनिटांचा पाठ या सूचनेनुसार तयार झाला होता. पॅसाडिनाच्या खेळासाठी वाइज यांनी हा तुकडा परत घातला आणि अन्यत्र काटछाट केली. म्हणजे मार्च १९४२ च्या एकाच आठवड्यात तीन पाठ अस्तित्वात होते आणि त्यांतील सर्वांत वाईट वागणूक ज्याला मिळाली, त्यातील मोठी काट खुद्द दिग्दर्शकाच्या सूचनेवरून झालेली होती.

यावरून काही टीकाकारांनी, वेल्स यांनी स्वतःच आपल्या कृतीचे नुकसान केले, असा निष्कर्ष काढला आहे. तो घाईचा वाटतो. हजारो मैलांवरून, प्रेक्षकांबरोबर चित्रपट न पाहता, संकलकाशी समोरासमोर न बोलता पाठविलेली सूचना हा लेखनातील कच्चा खर्डा असतो. तो शेवटचा शब्द नव्हे. रॉबर्ट वाइज यांनाही खलनायक ठरविणे न्याय्य नाही. पुढे 'वेस्ट साइड स्टोरी' व 'द साउंड ऑफ म्युझिक' यांसारखे चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या या कलावंताने अखेरपर्यंत हेच सांगितले की, प्रेक्षकांना पाहवेल असा चित्रपट तयार करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले गेले होते आणि त्यांनी ते शक्य तितक्या काळजीने केले. तात्पर्य असे की, १३१ मिनिटांचा पाठ हा अंतिम पाठ नसून ज्ञात पाठांपैकी सर्वांत जुना व सर्वांत विस्तृत पाठ आहे.

आपल्या परंपरेतील एका मोठ्या उद्योगाची येथे आठवण होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य असेच होते. वि. सी. सुखटणकर यांनी त्याची जी दिशा निश्चित केली, तिच्यात व्यासांच्या मुखातून निघालेला शब्द सापडल्याचा दावा कोठेही नव्हता. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जावयाचे आणि जेथे पुरावा संपतो तेथे थांबावयाचे, ही ती भूमिका होय. उत्तरकालीन म्हणून बाजूला काढलेला मजकूर त्या आवृत्तीने नष्ट केला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत तो जपून ठेवला. कापलेला भाग जाळणारा स्टुडिओ आणि वगळलेला श्लोकही छापणारी संस्था यांच्यातील फरक हा संहितेकडे पाहण्याच्या दृष्टीतला फरक आहे.

६. आशेची कारणे

चाहत्यांच्या आशेचा मुख्य आधार रिओला पाठविलेली ती प्रिंट आहे. वेल्स ब्राझीलमधून परतले, पण प्रिंट तेथेच राहिली. ती सिनेदिया या स्टुडिओत ठेवण्यात आली होती. पुढे आर.के.ओ.ने तिची विल्हेवाट लावावयास सांगितले आणि तसे केल्याचे उत्तर ब्राझीलहून गेले, असे सांगितले जाते. मात्र सिनेदियाचे संस्थापक अधेमार गोन्झागा हे केवळ व्यावसायिक नव्हते. ते चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादक आणि संग्राहक होते. असा माणूस वेल्स यांच्या चित्रपटाची प्रिंट खरोखरच नष्ट करील काय, या एका शंकेवर ऐंशी वर्षांची आशा उभी आहे. २०२१ मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीज या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीने ब्राझीलमधील शोधमोहिमेला पाठबळ देत असल्याचे जाहीर केले. प्रिंट सापडल्याचे वृत्त अद्याप आलेले नाही. रिओच्या उष्ण आणि दमट हवेत नायट्रेट फिल्म इतकी वर्षे टिकणे कठीण असते, हेही नाकारता येत नाही.

तरीही या आशेला निराधार म्हणता येणार नाही, कारण इतिहासात असे चमत्कार झालेले आहेत. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला आणि काही महिन्यांतच त्याचा सुमारे चतुर्थांश भाग कापला गेला. तो कायमचा हरवला, असे सर्वांनी मानले होते. २००१ मध्ये झालेल्या जीर्णोद्धारात तर हरवलेल्या दृश्यांच्या जागी केवळ मजकुराच्या पाट्या घातल्या होत्या. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ संपूर्ण पाठाची १६ मिलिमीटरची निगेटिव्ह सापडली. एका अर्जेंटिनी वितरकाने १९२७ च्या सुमारास बर्लिनहून न कापलेली प्रत नेली होती, तिचीच ती वंशज होती. त्यातून सुमारे २५ मिनिटे परत मिळाली आणि १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये पुन्हा उद्घाटनाचा खेळ झाला. कार्ल ड्रायर यांच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्ह आगीत गेल्या होत्या. १९८१ मध्ये ओस्लोनजीकच्या एका मनोरुग्णालयात त्याची मूळ पाठाची प्रत मिळाली. खुद्द वेल्स यांच्या 'इट्स ऑल ट्रू'चे चित्रीकरण १९८०च्या दशकात एका स्टुडिओच्या कोठारात आढळले आणि त्यावर आधारित माहितीपट १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. राजधानीत जे नष्ट होते ते प्रांतात टिकते, हा पोथ्यांच्या अभ्यासकांचा जुना अनुभव येथेही खरा ठरतो.

भारतीय प्रेक्षकांनाही या प्रतीक्षेचा अनुभव आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झालेल्या 'शोले'चा शेवट सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो, तर बदललेल्या शेवटात पोलीस येऊन त्याला ताब्यात घेतात. मूळ शेवट असलेल्या प्रती व्हिडिओच्या मार्गाने आडवाटेने फिरत राहिल्या आणि रसिकांत त्याची चर्चा टिकून राहिली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या जीर्णोद्धारानंतर जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटासह हा चित्रपट दाखविण्यात आला. पन्नास वर्षांनी का होईना, दिग्दर्शकाचा पाठ पडद्यावर आला. 'शोले'च्या बाबतीत मूळ सामग्री शिल्लक होती, ती 'अँबरसन्स'च्या बाबतीत हाताशी नाही, एवढाच काय तो फरक. पण तोच निर्णायक आहे.

७. जीर्णोद्धार, पुनर्रचना आणि प्रक्षेप

प्रिंट सापडत नाही, तोवर करावयाचे काय? या प्रश्नाला आजवर तीन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर अभ्यासकाचे. रॉबर्ट कॅरिंजर यांनी १९९३ मध्ये संकलनसूचीच्या आधारे मूळ चित्रपटाची ग्रंथरूपाने पुनर्रचना प्रसिद्ध केली. हा चित्रपट पाहता येत नाही, वाचता येतो. कोणता भाग शिल्लक, कोणता बदललेला व कोणता लुप्त, हे त्यात स्पष्ट कळते. पुरावा जेथे संपतो तेथे पुस्तकही थांबते.

दुसरे उत्तर रसिकांचे. शिल्लक स्थिरचित्रे आणि संवाद यांच्या साहाय्याने लुप्त दृश्यांची कल्पना देणाऱ्या जोडण्या हौशी चाहत्यांनी तयार केल्या. हीच पद्धत १९९९ मध्ये एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या 'ग्रीड' (१९२४) या छाटलेल्या चित्रपटासाठी वापरली गेली आणि स्थिरचित्रे घालून सुमारे चार तासांचा पाठ सिद्ध झाला. या पद्धतीत जोड उघड दिसते. हलणाऱ्या चित्रामध्ये स्थिर चित्र आले की प्रेक्षकाला कळते, येथे काहीतरी हरवले आहे. 'मेट्रोपोलिस'मध्येही १६ मिलिमीटरचा भाग ओरखड्यांनी भरलेला आणि लहान चौकटीचा तसाच ठेवला गेला. ती सांध लपविण्याचा प्रयत्न झाला नाही, हे त्या जीर्णोद्धाराचे मोठे बळ होय.

तिसरे उत्तर अगदी अलीकडचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने 'अँबरसन्स'ची लुप्त मिनिटे निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. वेल्स यांच्या वारशाची व्यवस्था पाहणाऱ्यांकडून त्याविषयी नाराजी व्यक्त झाली. अनेक चाहत्यांना मात्र या वार्तेने हुरूप आला, आणि त्यांची अधीरता समजण्यासारखी आहे. ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली, त्यांना 'कसे दिसले असते' याची झलकही मोलाची वाटणारच. तथापि येथे पाठचिकित्सकाने सावध व्हावयास हवे. या दृश्यांत दिसणारा चेहरा फॅनीचा असेल, पण तो अभिनय अ‍ॅग्नेस मूरहेड यांचा नसेल. सूचीत दृश्याचा क्रम सापडतो. नटाच्या स्वरातील कंप, प्रकाशाची विरलता, थांबलेल्या क्षणाची लांबी या गोष्टी सूचीत नसतात. आणि वेल्स यांच्या चित्रपटाचे मर्म नेमके तेथेच होते.

मराठी वाचकाला या संदर्भात एकनाथांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, नाथांनी पाठांतरांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. स्वतः श्रेष्ठ कवी असूनही त्यांनी त्या ग्रंथात आपली भर घातली नाही आणि इतर कोणी आपल्या पदरची ओवी तीत मिसळू नये, असा इशारा देऊन ठेवला. नाथांना तशी ओवी रचता आली नसती, असे कोण म्हणेल? सामर्थ्य असूनही हात आवरणे, हीच त्यांच्या संशोधनाची शिस्त होती. ज्ञानेश्वरीवरील प्रेमापोटीच लोकांनी तीत ओव्या घातल्या असणार. प्रक्षेप बहुधा द्वेषातून होत नाहीत, भक्तीतून होतात. म्हणूनच भक्ताच्या हातून ग्रंथाला जो धोका संभवतो, तो ओळखणे अधिक कठीण असते.

याचा अर्थ नव्या तंत्राला सर्वस्वी नकार द्यावा, असा नव्हे. ओरखडे पुसणे, ध्वनी स्वच्छ करणे, डळमळणारे चित्र स्थिर करणे यांसाठी संगणकाचा उपयोग जीर्णोद्धारात होतोच. जे आहे ते स्वच्छ करणे हा जीर्णोद्धार. जे नाही त्याची जागा दाखविणे ही पुनर्रचना. जे नाही ते आहे असे भासविणे हा प्रक्षेप. या तीन क्रियांची नावे निराळी ठेवली आणि प्रेक्षकाला कोणती चालली आहे हे प्रामाणिकपणे सांगितले, तर बराच गोंधळ टळेल.

८. समारोप

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. 'अँबरसन्स'च्या चाहत्यांची प्रतीक्षा भाबडी आहे काय? वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ती १३१ मिनिटांच्या पाठाला अंतिम व निर्दोष मानत असेल, तेवढ्यापुरती ती भाबडी आहे. दिग्दर्शकाने स्वतः तो पाठ पुरा केला नव्हता. परंतु एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट लांबीचा, विशिष्ट क्रमाचा चित्रपट अस्तित्वात होता, त्याची प्रिंट महासागर ओलांडून गेली आणि तिच्या अंताचा निर्विवाद पुरावा नाही, या तीन विधानांवर ती उभी असेल, तर ती संशोधकाचीच भूमिका आहे. जुन्या मठांतील आणि वाड्यांतील बाडे उलगडणाऱ्या आपल्या संशोधकांनीही याहून अधिक आधार कधी मागितला नव्हता.

या प्रतीक्षेचे फळ केवळ प्रिंट सापडण्यात नाही. तिच्यामुळे संकलनसूची अभ्यासली गेली, तारा व पत्रे तपासली गेली, स्टुडिओच्या कागदपत्रांचे मोल कळले आणि वाइज यांच्यासारख्या सहभागी व्यक्तींची साक्ष वेळेत नोंदविली गेली. हरवलेल्या पाठाच्या ओढीने उपलब्ध पाठाचे वाचन अधिक सूक्ष्म झाले. वेल्स यांनीही पुढील काळात हयात नटांना घेऊन नवा शेवट चित्रित करण्याचा विचार केला होता, पण तो तडीस गेला नाही. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ही प्रतीक्षा सर्वस्वी इतरांची झाली.

आपल्यापुरता यातून निघणारा बोध साधा आहे. ब्राझीलमधील एका कोठारात काय दडले आहे, याची चिंता जगभरचे रसिक वाहत असताना, आपल्या जवळची मराठी चित्रपटांची रिळे, नाटक मंडळ्यांची हस्तलिखिते, ध्वनिमुद्रिका आणि कौटुंबिक संग्रह कोणत्या अवस्थेत आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, तंजावर येथे पसरलेल्या मराठी समाजाकडे अशी सामग्री असण्याचा संभव अधिक आहे, कारण केंद्रात जे टाकून दिले जाते ते परिघावर जपले जाते. 'मेट्रोपोलिस' बर्लिनमध्ये सापडला नाही, ब्युनोस आयर्समध्ये सापडला. एखाद्या कुटुंबाने माळ्यावरचा गंजका डबा रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहिला आणि जवळच्या संग्रहालयाला कळविले, तर उद्याच्या अभ्यासकाला ऐंशी वर्षे वाट पाहण्याची वेळ येणार नाही.